कवटी न उघडता मेंदूवर अल्ट्रासाऊंडचे उपचार : वडिलांच्या कंपासाठी काय, आईच्या विस्मरणासाठी काय

प्रश्न थोडक्यात असा आहे : वडील ७१ वर्षांचे, निवृत्त शिक्षक. गेली बारा-तेरा वर्षे दोन्ही हात थरथरतात, उजवा अधिक. निदान ‘इसेन्शियल ट्रेमर’ असे झाले आहे. गोळ्यांचा आता फारसा उपयोग होत नाही. परदेशातील एका नातेवाइकाने सांगितले की यंत्रात झोपवून अल्ट्रासाऊंडने हा कंप घालवतात, शस्त्रक्रिया लागत नाही आणि रुग्ण दुसऱ्या दिवशी घरी जातो. हे खरे आहे का? आणि आईला नुकतेच अल्झायमरचे निदान झाले आहे, तिलाही याचा फायदा होईल का?

वडिलांच्या बाबतीत हा पर्याय जरूर विचारात घेण्याजोगा आहे. आईच्या बाबतीत आज तरी नाही. दोन्ही ठिकाणी नाव एकच असले तरी उपचार वेगवेगळे आहेत. एकात ध्वनिलहरींच्या उष्णतेने मेंदूतील काही मिलिमीटरचा भाग कायमचा निकामी करतात. दुसऱ्यात, त्याच लहरी कमी तीव्रतेने वापरून, औषधे मेंदूत शिरावीत यासाठी रक्तवाहिन्यांची बंद दारे काही काळापुरती किलकिली करतात. पहिला उपचार अनेक देशांत मान्यताप्राप्त आहे, दुसरा अजून संशोधनाच्या पायरीवर आहे. बातम्यांमध्ये मात्र दोन्ही एकाच मथळ्याखाली येतात आणि घरच्यांचा गोंधळ तिथूनच सुरू होतो.

नातेवाइकांच्या सांगण्यातील एक गोष्ट आधी दुरुस्त करतो. चीर नाही, रक्त नाही, टाके नाहीत, भूल बहुधा फक्त डोक्याला चौकट बसवताना चार जागी टोचण्यापुरती. हे सारे खरे आहे. परंतु मेंदूच्या पेशी कायमच्या मारल्या जातात, त्या परत येत नाहीत आणि जागा चुकली तर परिणामही परत घेता येत नाही. म्हणून मी माझ्या रुग्णांना ही शस्त्रक्रियाच आहे असे सांगतो, फक्त सुरी वेगळी आहे. ‘शस्त्रक्रिया नाही’ या शब्दांवर विसंबून होकार देणारे कुटुंब आणि ‘चिरेविना शस्त्रक्रिया’ हे समजून होकार देणारे कुटुंब, यांच्या अपेक्षांत पुढे फार फरक पडतो.

ध्वनिलहरी मेंदूत पोचवायला इतकी वर्षे का लागली, हे कळले म्हणजे मर्यादाही कळतात. ऑस्ट्रियाचे कार्ल डुसिक यांनी १९४२ मध्ये कवटीतून लहरी पाठवून मेंदूतील पोकळ्यांचे चित्र काढल्याचे प्रसिद्ध केले. पुढे लक्षात आले की त्या चित्रांतील बराचसा आकार मेंदूचा नव्हताच, तो कवटीनेच लहरी शोषल्यामुळे उमटलेला होता. १९५०च्या दशकात अमेरिकेत विल्यम व फ्रान्सिस फ्राय या बंधूंनी एकवटलेल्या लहरींनी मेंदूच्या खोल भागात अचूक व्रण, म्हणजे निकामी केलेले ठिपके, करून दाखवले, पार्किन्सनच्या रुग्णांवरही ते वापरले. पण त्यासाठी आधी कवटीचा तुकडा काढावा लागे. स्वीडनचे लार्स लेक्सेल यांनीही अल्ट्रासाऊंडचा प्रयत्न केला आणि याच अडचणीपायी किरणांकडे वळून गॅमा नाईफ, म्हणजे किरण एकवटून मेंदूतील ठिपका निकामी करणारे यंत्र, घडवले. हाड ध्वनी शोषून तापते हा एक भाग झाला. दुसरा भाग असा की मऊ ऊतींत सेकंदाला सुमारे १५०० मीटर जाणारा ध्वनी हाडातून त्याच्या जवळजवळ दुपटीने धावतो, आणि कवटीची जाडी जागोजाग वेगळी असल्याने सगळ्या लहरी वेगवेगळ्या वेळी पोचतात व विस्कटतात.

यावर तोडगा निघाला तो १९९०च्या दशकात व त्यानंतर, मुख्यतः बॉस्टनमध्ये फेरेन्स योलेस आणि कुलेर्वो हायनिनेन यांच्या गटांच्या कामातून. डोक्याभोवती अर्धगोल शिरस्त्राण, त्यात १०२४ स्वतंत्र ध्वनिस्रोत. रुग्णाच्या सीटी स्कॅनवरून संगणक प्रत्येक स्रोतासमोर कवटी किती जाड व किती घट्ट आहे ते मोजतो आणि कोणी किती उशिरा सुरू करायचे ते ठरवतो. मैदानभर पांगलेल्या हजार ढोलवाल्यांनी, मैदानाच्या एकाच खुणेवर सगळ्यांचा ठोका एकदम पडावा म्हणून आपापल्या अंतराप्रमाणे मागेपुढे टिपरू मारावे, तसा हा हिशेब असतो. एका स्रोताची लहर वाटेतील मेंदूला काही करत नाही. हजार लहरी जिथे जुळतात तिथेच उष्णता वाढते. पोटाच्या सोनोग्राफीत कंपनसंख्या काही मेगाहर्ट्झ असते, इथे ती सुमारे ६५० किलोहर्ट्झ ठेवतात, कारण त्याहून वरची लहर हाडातच संपते. या कंपनसंख्येला मेंदूत तरंगलांबी दोन मिलिमीटरच्या थोडी वर येते, त्यामुळे व्रणही काही मिलिमीटरांचाच होतो.

या बांधणीतूनच एक मर्यादा येते. लहरी नीट जुळतात त्या कवटीच्या मध्याजवळ. थॅलॅमस, ग्लोबस पॅलिडस, सबथॅलॅमिक केंद्रक (केंद्रक म्हणजे मेंदूतील पेशींचा पुंजका) हे हालचालींशी निगडित भाग सारे खोल, मध्यभागी आहेत, म्हणून कंपाच्या आजारांत ही पद्धत चालते. मेंदूच्या बाहेरच्या पृष्ठाजवळचा भाग जाळायला गेल्यास लहरी हाडावर तिरक्या पडतात, हाड अधिक तापते आणि खाली हवी तेवढी उष्णता मिळत नाही. मेंदूतील कोणतीही गाठ या यंत्राने जाळता येईल का, असे लोक विचारतात, त्याचे उत्तर यातच आहे.

आता वडिलांच्या आजाराकडे येतो. इसेन्शियल ट्रेमरमध्ये हात कामात असताना थरथरतो : बशीत चहा ओतताना, शर्टाचे बटण लावताना, बँकेत सही करताना. सही जुळत नाही म्हणून शाईचा अंगठा द्यावा लागलेले निवृत्त शिक्षक मी पाहिले आहेत आणि त्यांना कंपापेक्षा तो अंगठाच अधिक झोंबतो. पार्किन्सनमध्ये याच्या उलट, हात मांडीवर निवांत असताना कंप दिसतो आणि कामाला लावल्यावर बहुधा कमी होतो. सोबत हालचाली मंदावतात, अंग ताठर होते. हे दोन आजार वेगळे आहेत आणि घराघरात दोन्हींना ‘कंपवात’च म्हणतात, म्हणून निदान पुन्हा एकदा तपासून घ्यावे. थायरॉईड वाढलेला असणे, दम्याची सालब्युटामॉलसारखी औषधे, व्हॅल्प्रोएट, लिथियम यांनीही हात थरथरतात. त्यांवर मेंदूत व्रण करणे हा उपाय नव्हे.

गोळ्यांचा उपयोग होत नाही असे तुम्ही लिहिता, तेव्हा कोणत्या गोळ्या, किती मात्रेत आणि किती काळ, हे महत्त्वाचे आहे. प्रोप्रानोलॉल आणि प्रिमिडोन ही दोन मुख्य औषधे. प्रोप्रानोलॉल दमा असलेल्यांना देत नाहीत, प्रिमिडोनने सुरुवातीला गुंगी येते आणि अनेक जण पहिल्या आठवड्यातच ते सोडून देतात. पुरेशी मात्रा न देता ‘औषध चालले नाही’ अशी नोंद झालेले कागद माझ्यासमोर वरचेवर येतात. औषधे खरोखरच पुरी पडत नसतील आणि कंपामुळे जेवण, लिहिणे, दाढी अडत असेल, तेव्हाच पुढचा विचार.

पुढचा विचार म्हणजे थॅलॅमसमधील ‘व्हिम’ नावाचे केंद्रक. लहान मेंदूकडून येणारा हालचालीचा संदेश या ठिकाणाहून पुढे जातो आणि कंपाचा ताल याच वाटेने फिरत राहतो. वाट तोडली की कंप थांबतो. हे ज्ञान नवे नाही. सुईने व्रण करणारी थॅलॅमोटॉमी अर्धशतकाहून जुनी आहे. नवे आहे ते सुईविना तिथे पोचणे. या उपचाराची मुख्य चाचणी अमेरिकेत जेफ्री एलियास आणि सहकाऱ्यांनी केली, ती २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली आणि त्याच वर्षी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने इसेन्शियल ट्रेमरसाठी मान्यता दिली. त्या चाचणीत ७६ रुग्ण होते. ५६ जणांना खरा उपचार मिळाला, २० जणांना यंत्रात झोपवून देखाव्यापुरता. तीन महिन्यांनी खऱ्या गटात हाताच्या कंपाचा गुणांक १८.१ वरून ९.६ वर आला. देखाव्याच्या गटात तो जवळजवळ जागचा हलला नाही. वर्षअखेरीस सुधारणा साधारण ४० टक्क्यांवर टिकून होती. म्हणजे सरासरीने कंप निम्म्याच्या आसपास उतरतो. काहींचा अगदी थांबतो, काहींचा थोडाच कमी होतो. इंटरनेटवरील चित्रफितींत दिसतात ते पहिल्या प्रकारचे रुग्ण.

उपचाराचा दिवस कसा जातो हेही सांगतो, कारण त्याची कल्पना नसल्याने वयस्क रुग्ण ऐन वेळी घाबरतात. डोक्याचा संपूर्ण गोटा करावा लागतो. केसांत अडकलेले हवेचे बुडबुडे लहरी अडवतात. कवटीला चार स्क्रूंनी चौकट बसवतात. डोक्याभोवती रबरासारखा पडदा लावून शिरस्त्राण आणि डोके यांमध्ये थंड, वायू काढलेले पाणी फिरवतात, त्यामुळे कवटीची त्वचा व हाड तापत नाहीत, आणि रुग्णाला थंडी वाजते. हे सगळे एमआरआय यंत्राच्या आत चालते आणि दोन ते चार तास लागतात. रुग्ण पूर्ण जागा असतो, तसा तो असावाच लागतो.

पहिल्या काही फेऱ्यांत तापमान ४० ते ४५ अंशांपर्यंतच नेतात. यात पेशी मरत नाहीत. एमआरआय दर काही सेकंदांनी तापमानाचा नकाशा दाखवतो आणि उष्णतेचा ठिपका ठरलेल्या जागीच पडतो आहे ना, ते मिलिमीटरच्या हिशेबात पाहता येते. मग थोडे वर, ५० अंशांच्या आसपास. आता काही काळापुरता परिणाम दिसू लागतो. दोन फेऱ्यांच्या मध्ये रुग्णाला किंचित बाहेर घेऊन त्याच्या हातात पेन देतात आणि फळीवर लावलेल्या कागदावर वर्तुळांची गोगलगाईसारखी नक्षी काढायला सांगतात. पहिल्या कागदावर करवतीच्या दात्यांसारखी रेघ असते. तिसऱ्या-चौथ्या कागदावर ती गोल होत जाते. त्याच वेळी विचारतात : ओठ किंवा बोटे बधिर वाटतात का? तसे असेल तर ठिपका फार मागे, स्पर्शाच्या केंद्रकाकडे सरकला आहे. बोलणे जड झाले, हाताची पकड सैल झाली, तर तो बाहेरच्या बाजूला, हालचालींच्या मुख्य तंतूंकडे गेला आहे. मग एक मिलिमीटर इकडे, अर्धा मिलिमीटर तिकडे. नेमकी जागा निश्चित झाल्यावरच ५५ ते ६० अंशांची शेवटची फेरी, दहा ते वीस सेकंदांची. त्या सेकंदांत डोक्यात उष्णता, चक्कर, मळमळ जाणवते आणि थांबते. रुग्णाच्या हातात थांबवण्याचे बटण असते; ते दाबायला त्याने संकोच करू नये, हे मी आवर्जून सांगतो. वडिलांच्या पिढीला ‘डॉक्टरांचे काम मध्येच कसे थांबवायचे’ असे वाटते.

दुष्परिणामांबद्दल गुळमुळीत बोलण्यात अर्थ नाही. त्या २०१६ च्या चाचणीत सुरुवातीला ३६ टक्के रुग्णांची चाल अस्थिर झाली आणि ३८ टक्क्यांना मुंग्या किंवा बधिरपणा आला. वर्षानंतर हे आकडे ९ आणि १४ टक्क्यांवर आले. व्रणाभोवतीची सूज पहिल्या आठवड्यात वाढते व नंतर ओसरते, त्यामुळे आधी धडधाकट चालणारा माणूस चौथ्या दिवशी भिंत धरू लागला तर घरच्यांनी धीर धरावा, पण बाथरूममध्ये एकटे सोडू नये. ज्यांची चाल आधीपासूनच डळमळीत आहे त्यांच्याबाबत मी फार हात आखडता घेतो. हात सुधारून माणूस पडायला लागला, मांडीचे हाड मोडले, तर त्यात काय मिळवले?

आणखी एक गोष्ट. एका वेळी एकाच बाजूच्या मेंदूवर उपचार करतात, म्हणजे वडिलांचा उजवा हात सुधारेल, डावा तसाच राहील. मान व आवाजाच्या कंपाला याचा उपयोग कमी. दुसऱ्या बाजूसाठी अमेरिकेत २०२२ मध्ये मान्यता मिळाली, तीही पहिल्या उपचारानंतर किमान नऊ महिन्यांनी. दोन्ही बाजूंना व्रण झाल्यास बोलणे व तोल बिघडण्याचा धोका वाढतो. निवृत्त शिक्षकाला उजव्या हाताने लिहिता आले, चहा पिता आला, एवढ्यावर समाधान असेल, तर एक बाजू पुरे.

सगळ्यांची कवटी या उपचाराला साथ देत नाही, हे बहुतेक कुटुंबांना सीटी स्कॅन झाल्यावरच कळते. कवटीच्या बाहेरच्या-आतल्या घट्ट थरांच्या तुलनेत मधला जाळीदार थर किती दाट आहे याचे गुणोत्तर काढतात. ते साधारण ०.४० च्या खाली असेल तर बरीच ऊर्जा हाडातच जिरते आणि हवे ते तापमान गाठणे अवघड होते. यात रुग्णाचा दोष नाही आणि व्यायामाने किंवा कॅल्शियमने हे बदलतही नाही. याखेरीज एमआरआयला न चालणारा पेसमेकर असेल, बंद जागेची तीव्र भीती असेल, किंवा रक्त पातळ ठेवण्याची औषधे थांबवणे धोक्याचे असेल, तर हा मार्ग बंद होतो.

मग डीप ब्रेन स्टिम्युलेशन काय वाईट? मुळीच नाही, दोन्ही हातांना जोराचा कंप असणाऱ्या आणि वय कमी असणाऱ्या रुग्णाला मी आजही बहुधा तेच सुचवतो. त्यात कवटीला छिद्र पाडून मेंदूच्या खोल भागात विजेचे सौम्य ठोके देणारी तार बसवतात, छातीच्या त्वचेखाली बॅटरी ठेवतात, पण परिणाम कमी-जास्त करता येतो, दोन्ही बाजूंना करता येते आणि गरज पडल्यास बंदही करता येते. त्याची किंमत लाखांत जाते, साधी, म्हणजे चार्ज न होणारी, बॅटरी काही वर्षांनी बदलावी लागते आणि जुळवणीसाठी वारंवार केंद्रात यावे लागते. गडचिरोली किंवा सिंधुदुर्गातून येणाऱ्या सत्तरीच्या माणसाला हे हेलपाटे झेपतील का, हा प्रश्न वैद्यकीय नसला तरी निर्णयात त्याला पुरेसे वजन द्यावे लागते. इथे अल्ट्रासाऊंडचा एक खरा फायदा आहे : एकदा झाले की शरीरात काही राहत नाही आणि जुळवणीही नाही. मात्र काही रुग्णांत महिन्या-वर्षांनी कंप अंशतः परततो, तेव्हा त्याची कमी-जास्त करण्याची कळ आपल्या हाती नसते. भारतात ही यंत्रणा मोजक्याच ठिकाणी आहे. तिथल्या गटाने आजवर किती रुग्ण केले आणि वर्षानंतर त्यांची स्थिती काय, हे विचारायला संकोच करू नका. चांगला गट या प्रश्नाने रागावत नाही.

पार्किन्सनचा उल्लेख थोडक्यात करतो. तिथेही कंप प्रमुख असलेल्या रुग्णांत थॅलॅमस आणि इतरांत पॅलिडस किंवा सबथॅलॅमिक केंद्रक यांवर एका बाजूने उपचार करतात. माद्रिदच्या गटाच्या २०२० मधील चाचणीत सबथॅलॅमिक केंद्रकाच्या व्रणाने त्या बाजूची लक्षणे जवळजवळ निम्म्यावर आली, परंतु बोलण्यातील दोष आणि अनावर हालचाली हे दुष्परिणामही ठळक होते. आजार मात्र पुढे सरकत राहतो. पार्किन्सनचे मुख्य औषध लेव्होडोपा, तेही सुटत नाही.

आता आईविषयी. अल्झायमरमध्ये जाळण्यासारखी एक जागा नसते. तिथे कल्पना वेगळी आहे. मेंदूच्या केशवाहिन्यांच्या भिंतीतील पेशी एकमेकींना घट्ट जोडलेल्या असतात, त्यामुळे रक्तातील बरीच औषधे मेंदूत शिरतच नाहीत. शिरेतून सूक्ष्म बुडबुडे सोडून कमी तीव्रतेच्या लहरी दिल्या, तर बुडबुडे आकुंचन-प्रसरण पावतात, भिंतीवर ताण देतात आणि ही जोड तात्पुरती सैल होते; साधारण एक-दोन दिवसांत ती पूर्ववत होते. हायनिनेन यांच्या गटाने हे २००१ मध्ये प्राण्यांत दाखवले. टोरांटोच्या सनीब्रूक केंद्रात २०१८ मध्ये पाच अल्झायमर रुग्णांत हे सुरक्षितपणे करता येते, एवढे सिद्ध झाले. स्मरणशक्ती सुधारते असे त्या प्रयोगाने दाखवले नाही आणि त्याचा तो हेतूही नव्हता. पुढे अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियात अली रेझाई यांच्या गटाने तीन रुग्णांना अमायलॉइडवरील (अल्झायमरमध्ये मेंदूत साठणाऱ्या प्रथिनावरील) प्रतिपिंड औषध आणि अल्ट्रासाऊंड एकत्र दिले. जिथे लहरी दिल्या त्या भागात अमायलॉइड अधिक उतरले. हे २०२४ च्या सुरुवातीला प्रसिद्ध झाले. तीन रुग्ण. त्याच वर्षी त्या औषधाच्या कंपनीने औषधच बाजारातून मागे घेण्याचे ठरवले. पेट स्कॅनवर अमायलॉइड कमी दिसणे आणि आईला नातवाचे नाव आठवणे, यांत बरेच अंतर आहे.

मेंदूच्या गाठींमध्ये हीच पद्धत केमोथेरपी आत पोचवण्यासाठी तपासली जात आहे आणि माझ्या मते पहिले ठोस यश तिथे येण्याची शक्यता अधिक आहे, कारण औषध आधीपासून आहे, अडचण फक्त ते पोचवण्याची आहे. अल्झायमरमध्ये औषधच अजून तोकडे आहे. कमी तीव्रतेच्या लहरींनी मेंदू ‘उत्तेजित’ करून विस्मरण बरे करतो, असे सांगून सत्रांची पॅकेजे विकणारी ठिकाणेही आढळतात. अशा ठिकाणी नोंदणीकृत चाचणीचा क्रमांक आणि आचारसमितीची मान्यता मागावी. चाचणीत सहभागी होणाऱ्या रुग्णाकडून त्या प्रयोगाच्या उपचाराचे पैसे घेतले जात असतील, तर तिथून उठून यावे.

पुढची पायरी म्हणून वडिलांना हालचालींच्या आजारांचा अनुभव असलेल्या न्यूरॉलॉजिस्टकडे न्या. आतापर्यंतच्या औषधांची नावे, मात्रा आणि कालावधी एका कागदावर लिहून न्या, इतर सर्व चालू गोळ्यांसह. घरीच साध्या कोऱ्या कागदावर त्यांच्याकडून दोन्ही हातांनी गोल नक्षी आणि सही काढून घेऊन तारीख टाका. महिन्याने पुन्हा तसेच करा. थायरॉईड तपासून घ्या. तज्ज्ञांनी अल्ट्रासाऊंडचा विचार मांडला, तर केंद्राला आधी फोन करून सीटी स्कॅन त्यांना हव्या त्याच पद्धतीने, पातळ छेदांचा, करून घ्या. साधा सीटी त्यांच्या गणिताला चालत नाही आणि पुन्हा करण्याचा खर्च तुमच्यावर पडतो.